डावा कान

बाजीराव मोहित्यांनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बघा मॅडम. ह्यो तुमचा अपंग."

पडद्यावर विहिरीचा काठ दिसत होता. चार माणसं दोराला लागली होती आणि विहिरीतून पाण्याची मोटर वर येत होती. काठावर येऊन ती अडकली. तेव्हा उघड्या अंगाचा एक उंच माणूस पुढे वाकला. त्यानं दोन्ही हातांनी मोटर कवेत घेतली, एकट्यानं उचलून बाजूला ठेवली आणि हात झटकले. चित्रण तिथंच संपत होतं.

"वळखलं का?"

ओळखलं होतं. रघुनाथ फडतरे. बारा वर्षांपूर्वी सैन्यातून हवालदार म्हणून घरी आलेले. बोरजाईत माजी सैनिकांना तोटा नव्हता, दर तिसऱ्या घरात एक होता. पण अपंगत्वाची पेन्शन घेणारे फडतरे एकटेच. त्याच कारणानं माझ्या आधीच्या ग्रामसेवकांच्या काळात ग्रामसभेनं ठराव करून त्यांची घरपट्टी माफ केली होती.

"चाळीस सह्या हायेत," बाजीरावांनी अर्ज पुढे सरकवला. "सव्वीस जानेवारीच्या सभेत विषय घ्या. काय अपंगत्व हाय ते गावाला कळू द्या. हात धड, पाय धड, डोळं धड. सकाळी कालव्यापर्यंत पळत जातोय आन् पळत येतोय. सरकारला येड्यात काढतोय त्यो."

"कागद असल्याशिवाय पेन्शन मिळत नाही, बाजीराव."

"कागद पैसं दिऊन बी मिळत्यात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझा संपत बघितलाय न्हवं तुमी?"

संपत त्यांचा धाकटा भाऊ. कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याचा उजवा हात कोपरापासून गेला होता. त्याच्या घरपट्टीच्या माफीसाठी बाजीराव दोनदा माझ्याकडे आले होते आणि माजी सैनिक नसलेल्यांना तशी तरतूद नाही म्हणून दोन्ही वेळा मी त्यांना परत पाठवलं होतं.

"त्याला साधी बनियन घालता येत न्हाई. त्याची बायकू घालती. त्याला माफी न्हाई. आन् ह्याला हाय. मी कुणाचं वाईट चिंतत न्हाई मॅडम. पर हे कसं, तेवढं सांगा."

मी अर्जावर पोच दिली.

ही दोन हजार चौदाच्या जानेवारीतली गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांची होते, ग्रामसेवक म्हणून ही माझी दुसरी नेमणूक. गाव साताऱ्याच्या पूर्वेकडचं, माझं माहेर श्रीरामपूरकडचं. गावात माझं कुणी नव्हतं, त्यामुळे नियम सोडून मी फारसं कुठं जात नसे. नियमाप्रमाणे मी फडतऱ्यांच्या नावे पत्र लिहिलं : आपल्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र ग्रामसभेपूर्वी तपासणीसाठी सादर करावं. शिपायाकडून पाठवण्याऐवजी मी ते स्वतःच घेऊन गेले. माणूस नीट बघावा, असंही मनात होतं. खरं सांगायचं तर बाजीरावांचं म्हणणं मला पटलं होतं.

फडतऱ्यांचं घर कालव्याच्या रस्त्याला, गावापासून जरा बाजूला होतं. अंगणात त्यांच्या पत्नी सुलभावहिनी हरभऱ्याची भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी लगबगीनं खुर्ची आणली.

"सारिका, मॅडमना पाणी दे गं." मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "डी.एड. झालंय तिचं. बारामतीकडचं पाव्हणं बघून गेलेत. पसंती कळवलीय त्यांनी. पुढच्या महिन्यात साखरपुडा धरलाय."

मुलीनं पाणी आणलं. सडपातळ, वडिलांसारखीच उंच. ग्लास देऊन ती आत गेली.

"हवालदार आहेत का?"

"मागं बांध घालत्यात. थांबा, मीच बोलावते." वहिनी घराच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथूनच मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, मी आलेय. ग्रामसेवक मॅडम आल्यात. मी येऊ का तिकडं?"

नवऱ्याला हाक मारायची ही तऱ्हा मला विचित्र वाटली. धाक असणार, असं मी मनाशी म्हटलं.

फडतरे आले. हातपाय मातीनं भरलेले, केस बारीक कापलेले. त्यांनी मला नमस्कार केला, दुसरी खुर्ची उचलून भिंतीला टेकवून ठेवली आणि मग बसले. पत्र दोनदा वाचलं.

"सही कुठं करू?"

"ही पोच. पण कागद आहे ना तुमच्याकडं?"

"आहे."

"मग काळजी नाही."

त्यांनी सही केली. अक्षर वळणदार होतं. वहिनींचा भाजी निवडणारा हात मात्र थांबला होता.

"कसली चौकशी वं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," फडतरे म्हणाले. "आपण किती मोडलोय ते बघायचंय गावाला."

पंचवीस तारखेला दुपारी ते कार्यालयात आले. मी दुसऱ्या दिवशीच्या सभेचे विषय लिहीत होते. त्यांनी दारातच विचारलं, "शिपायाला जरा बाहेर पाठवता का, मॅडम?"

शिपाई गेला. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक लिफाफा काढला. त्यात सैन्याच्या वैद्यकीय मंडळाचा इंग्रजी कागद होता, घड्यांवर विरलेला. नाव, क्रमांक, पलटण. खाली आजाराचं नाव. त्याच्या पुढे, सैनिकी सेवेमुळे झालेला आणि कायमस्वरूपी, टक्के पन्नास.

मी आजाराचं नाव परत वाचलं. हात, पाय, डोळा, कान यांपैकी काही नव्हतं. लढाईच्या धक्क्यानं मनावर झालेल्या आजाराचं ते नाव होतं.

"वाचलंत?"

"हो."

"अर्थ कळला?"

"कळला."

ते भिंतीला पाठ लावून उभे होते. मी बसा म्हटलं, ते बसले नाहीत.

"कागद खरा आहे," मी म्हणाले. "शिक्का आहे, सही आहे. उद्या सभेत मी हे वाचून दाखवते. विषयच मिटेल."

"हा मिटेल. दुसरा सुरू होईल."

"कुठला?"

"गावात कुणाला मनाचा आजार झाला तर काय म्हणतात, तुम्हाला माहीत नाही?" त्यांचा आवाज चढला नाही. "आत्ता मला ढोंगी म्हणतात. सरकारचा पैसा खातो म्हणतात. म्हणू देत. ढोंग्याच्या मुलीचं लग्न होतं, मॅडम. वेड्याच्या मुलीचं होत नाही. रक्तात असेल म्हणतात. पुढच्या पिढीत उतरेल म्हणतात."

"पण हे रक्तातलं नाही. लढाईमुळे झालंय, इथं स्पष्ट लिहिलंय."

"इंग्रजीत लिहिलंय."

मी कागद त्यांच्याकडे परत दिला.

"सारिकेला माहीत आहे?"

"नाही. आम्ही दोघं आणि पुण्याचे मिलिटरी डॉक्टर. आता तुम्ही." त्यांनी कागद घडी करून लिफाफ्यात घातला. "तुम्ही कागद बघितला, खरा आहे, एवढंच सांगा. घरपट्टी भरा म्हणाले तर मी भरतो. साखरपुडा होऊ द्या, लग्न होऊ द्या. मग माझं मी बघतो."

मी शब्द दिला.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणावर झेंडावंदन झालं. गावातले माजी सैनिक पदकं लावून एका ओळीत उभे होते. सरपंचांनी त्यांना गुलाबाचं फूल आणि नारळ दिला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. फडतऱ्यांनीही नारळ घेतला. अर्ध्या तासानं तिथंच, त्याच सतरंज्यांवर ग्रामसभा भरली.

सातव्या विषयाला बाजीराव उठले. त्यांनी अर्ज वाचला. मग मी उठले आणि ठरल्याप्रमाणे बोलले, "फडतरे यांचं प्रमाणपत्र मी स्वतः पाहिलं आहे. ते खरं आणि वैध आहे. घरपट्टीची माफी नियमाप्रमाणे आहे."

"कशाचं अपंगत्व ते सांगा," मागून कुणीतरी म्हणालं.

"वैद्यकीय माहिती खाजगी असते."

सभेत हशा पिकला.

"पैसा सरकारचा आन् माहिती खाजगी?" बाजीराव म्हणाले. "माझ्या भावाचं खाजगी न्हाई हो. सगळ्या गावाला दिसतंय." त्यांनी संपतकडे बोट केलं. संपतनं मान खाली घातली आणि मोकळी बाही दुसऱ्या हातानं धरली. "मॅडम, हात का पाय? एवढंच सांगा. का डोळा?"

"मॅडमना बी वाटणीचा नारळ मिळाला असंल," बायकांच्या पलीकडून आवाज आला. आता हसण्यात बायकाही होत्या.

मी फडतऱ्यांकडे पाहिलं. ते शाळेच्या भिंतीला टेकून उभे होते, हातात नारळ, नजर समोर. त्यांच्या शेजारी उभे असलेले दुसरे दोन माजी सैनिक दोन पावलं सरकून लांब उभे राहिले होते. बायकांच्या ओळीत सुलभावहिनी पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी सारिका ताठ मानेनं रडत होती.

"सांगा की मॅडम!"

"कान," मी म्हणाले.

सगळ्यांच्या माना फडतऱ्यांकडे वळल्या.

"डावा कान. तोफेच्या आवाजानं त्यांच्या डाव्या कानाचा पडदा फाटलाय. त्या बाजूनं त्यांना ऐकू येत नाही. झालं समाधान?"

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. हात-पाय-डोळा झाल्यावर उरलेली गोष्ट तोंडात आली, एवढंच. पण परिणाम असा झाला की मलाच आश्चर्य वाटलं. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, म्हणूनच हाक मारली तर वळत न्हाई व्हय त्यो!" दुसरं कुणी म्हणालं, "आमच्या चुलत्याचं बी असंच झालतं." बाजीराव क्षणभर उभे राहिले, मग खाली बसले. इतिवृत्तात मी माझ्या हातानं लिहिलं : डाव्या कानाचे अपंगत्व असल्याचे ग्रामसेवक यांनी सांगितले, तक्रार निकाली.

सभा संपल्यावर वहिनींनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मला छान वाटत होतं. एका साध्या खोट्यानं तीन माणसांची अब्रू राहिली, असं मी दिवसभर मनाशी म्हणत होते.

फडतरे दुसऱ्या दिवशी सकाळी आले. दारातच उभे राहिले.

"मॅडम, काय केलंत हे?"

"वेळ तशी आली. तुम्ही बघितलंत ना, सारिका रडत होती."

"बघितलं. तुमच्यावर राग नाही माझा." त्यांनी दाराच्या चौकटीवर हात ठेवला. "पण दुसरं काहीही सांगायचं होतं. कान नको होता."

"का?"

"मला ऐकू येतं. जास्तच येतं."

आणि मग उभ्याउभ्यानंच त्यांनी मला सांगितलं. कुणाला पत्ता सांगावा तसं सांगितलं. सीमेवरच्या चौकीवर सकाळी सात वाजता गोळा पडला. शेजारचा बंकर खचून बसला. त्याच्या आत दोघं होते, एक बेळगावचा चव्हाण, एक तासगावकडचा नलवडे. फडतरे दहा हातांवर खंदकात होते. गोळे पडतच होते, डोकं वर काढता येत नव्हतं. आतले दोघं जिवंत होते. ते हाका मारत होते.

"काय म्हणत होते?"

"माझं नाव. दुसरं काय म्हणणार? रघू, माती काढ. रघू, माती काढ."

"किती वेळ?"

"नलवडे नऊपर्यंत. चव्हाण दुपारी एकपर्यंत."

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. तो पूर्ण जाईपर्यंत ते बोलले नाहीत.

"आता गावात डाव्या बाजूनं कुणी हाक मारली तर वळायचं नाही, असंच ना?"

मी म्हणाले, "लग्नापर्यंतच. थोडे दिवस."

"करतो," ते म्हणाले, आणि गेले.

गावानं मान्य केलं होतं, पण खात्री करून घ्यायची होती. पारावरून जाताना कुणी डाव्या बाजूनं शिवी हासडायचं आणि बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघायचे. दुकानात कुणी मागून भांडं आपटायचं. एकदा मी स्वतः पाहिलं : बँकेच्या रांगेत एक माणूस त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "हवालदार, तुमची शंभराची नोट पडली." फडतरे हलले नाहीत. मानेची शीर तेवढी उडत होती. रांगेतले लोक एकमेकांकडे बघून हसले. त्यात क्रौर्य नव्हतं. एखादं कुलूप लागलंय का म्हणून माणूस ओढून बघतो, तसं ते बघत होते. मी रांगेत तिसरी होते. मी काही बोलले नाही.

वहिनी एकदा पाणीपट्टी भरायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "झोपत न्हाईत हल्ली. बसून राहत्यात." मी म्हटलं, साखरपुड्याची दगदग असेल. त्या म्हणाल्या, "व्हय, तसंच असंल."

साखरपुडा फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी होता, दुपारी बाराला. फडतऱ्यांच्या अंगणातच मांडव घातला होता. बँड नको, फटाके नकोत, असं वहिनींनी भावकीत सगळ्यांना बजावलं होतं. सारिकेला गोंगाट आवडत नाही, असं कारण सांगितलं होतं. मला आग्रहाचं बोलावणं होतं. मी बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसले होते.

बारामतीचे पाहुणे दोन गाड्या भरून आले. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, दिसायला सौम्य. सारिका पाटावर बसली. फडतरे तिच्या मागे दोन पावलांवर उभे होते, पांढरा सदरा, डोक्याला फेटा. त्यांना पाठीमागे भिंत नव्हती. मांडवाचं कापड होतं.

ओटी भरणं चालू असताना मला कापडाच्या कडेला गावातले दोघं-तिघं दिसले. एकाच्या हातात पेटलेली उदबत्ती होती. दुसरा हसत होता आणि फडतऱ्यांच्या दिशेनं खूण करत होता, स्वतःच्या डाव्या कानाला बोट लावून.

मला सगळं कळलं. मी उठलेही. "अहो," एवढंच म्हणाले असेन.

सुतळी बॉम्ब होता. कापडाच्या पलीकडे, त्यांच्या डाव्या हाताला, चार पावलांवर फुटला.

त्यांनी सारिकेला पाटावरून ओढून जमिनीवर पाडलं आणि तिच्यावर पालथे पडले. "नीचे! सर नीचे!" असा आवाज त्या माणसाच्या गळ्यातून येईल असं कुणाला वाटलं नसतं. ओटीचं ताट उडालं, तांदूळ आणि खोबरं पाहुण्यांच्या पायांत गेलं. सारिका त्यांच्या खाली किंचाळत होती. मग ते एकदम उठले, गुडघ्यांवर सरकत मांडवाच्या खांबापाशी गेले आणि दोन्ही हातांनी जमीन उकरू लागले. सारवलेली, चोपलेली जमीन. नखांतून रक्त आलं तरी थांबेनात. "आलो," ते म्हणत होते. "चव्हाण, आलो. नलवड्या, बोल, बोलत राहा. आलो."

शंभर माणसं उभी होती. कुणी जवळ गेलं नाही.

सुलभावहिनी गेल्या. शालूसकट मातीत त्यांच्या समोर बसल्या. हात लावला नाही. सावकाश, एका सुरात बोलत राहिल्या, "अहो, मी सुलभा. हे बोरजाई हाय. आपलं घर हाय. दुपार हाय. सारिका हितं हाय. मी सुलभा." त्या बोलण्यात कुठं अडखळणं नव्हतं. हे त्यांनी किती वेळा केलं असेल, ते त्यावरून कळत होतं.

वीसेक मिनिटांनी ते थांबले. आपल्या हातांकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे पाहिलं. फेटा सुटून गळ्यात आला होता. ते उठले आणि घरात गेले.

मुलाचे काका उठून म्हणाले, "आम्ही घरी जाऊन कळवतो." जेवण तसंच राहिलं. मुलगा गाडीत बसण्याआधी मागे वळून सारिकेकडे पाहत होता, पण काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. दोन दिवसांनी नकार आला. कारण लिहिलं नव्हतं.

आठवड्यानं बाजीराव कार्यालयात आले. दाढी वाढलेली होती. "त्यात माझा हात न्हवता, मॅडम. आईची शपथ. मला म्हाईत असतं तर मीच त्यास्नी धरून हाणलं असतं." त्यांचे डोळे भरले होते आणि ते खरं बोलत होते. त्यांनी एक अर्ज दिला. त्याच चाळीस सह्या होत्या, मागे आणखी दहा-बारा. मजकूर असा होता : श्री. फडतरे यांचे अपंगत्व आम्ही ग्रामस्थांनी प्रत्यक्ष पाहिले असून आमची पूर्ण खात्री पटली आहे. त्यांच्या पेन्शनबाबत अगर घरपट्टी माफीबाबत आमची कोणतीही तक्रार उरलेली नाही.

मी पोच दिली.

त्याच संध्याकाळी मी फडतऱ्यांच्या घरी गेले. माफी मागायची होती. कशी मागायची ते ठरत नव्हतं. सारिका अंगणात उभी होती. मांडव काढून नेला होता. खांबापाशी उकरलेला खड्डा तिनं नुकताच माती घालून बुजवला असावा, तिचे हात ओले होते.

"अण्णा आणि आई पुण्याला गेलेत," ती म्हणाली. "मिलिटरी हॉस्पिटलला. त्यांना ठेवून घेतलंय आठ दिवस."

"कसे आहेत?"

"झोपतात म्हणे." तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं ना, मॅडम?"

"हो."

"कधीपासून?"

"पंचवीस जानेवारीपासून."

"आईला पहिल्यापासून. तुम्हाला पंचवीस जानेवारीपासून. मलाच तेवढं नाही."

"तुझ्यासाठीच, सारिका. तुझं लग्न व्हावं म्हणून त्यांनी..."

"तो मुलगा मला बघायला आला तेव्हा आम्ही पंधरा मिनिटं बोललो होतो. त्यानं मला विचारलं होतं, तुझे वडील इतके लांब-लांब का असतात? मला माहीत असतं तर मी सांगितलं असतं. कदाचित तो तेव्हाच उठून गेला असता. कदाचित नसता गेला. मी काय सांगितलं, माहीत आहे?" तिचा आवाज फुटला नाही. "मी म्हटलं, तापट आहेत. त्यांचं माझ्यावर फारसं प्रेम नाही."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. ती बाजूला झाली.

"नववीत मी मागून जाऊन त्यांचे डोळे झाकले होते. त्यांनी मला भिंतीवर फेकलं होतं. त्यानंतर सहा-सात वर्षं मी त्यांच्याशी धड बोलले नाही. तुम्ही सगळे माझ्यासाठी करत होता म्हणता. एकदा मला विचारायचं होतं."

मी माफी मागितली की नाही, ते आता आठवत नाही. मागितली असेल. ती "बसा, चहा करते" म्हणाली आणि मी नको म्हणून निघाले, एवढं आठवतं.

जूनमध्ये माझी बदली झाली. पुढचं मला अधूनमधून कळत गेलं. सारिकेला फलटणजवळच्या एका शाळेत नोकरी लागली. दर महिन्याला वडिलांना घेऊन पुण्याला तीच जायची. गावात फडतऱ्यांना आता कुणी काही म्हणत नसे. लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलत, लहान मुलाशी बोलावं तसं, आणि ते विहिरीवर कामाला हात लावायला गेले की "तुमी ऱ्हाऊ द्या हवालदार" म्हणत. ते त्यांना सगळ्यांत जड जात असे, असं वहिनींनी मला फोनवर सांगितलं. मग त्यांनी गावात जाणंच कमी केलं.

दोन हजार अठराच्या मे महिन्यात सारिकेचा फोन आला. तिचं लग्न होतं. मुलगा तिच्याच शाळेत गणित शिकवणारा. साताऱ्याला विवाह नोंदणी कार्यालयात, सकाळी अकराला. या म्हणाली.

मी गेले. एकूण अकरा माणसं होती. फडतरे बाकावर बसले होते, केस पिकलेले, अंगानं थोडे उतरलेले. शेजारी मुलाचे वडील. दोघं उसाच्या पाण्याबद्दल बोलत होते. मला पाहून फडतरे उठले आणि त्यांनी नमस्कार केला.

"पहिल्याच भेटीत सांगितलं तिनं त्याला," वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या. "सगळा कागद मराठीत लिहून दिला. त्यो पंधरा दिवसांनी आला, म्हणाला, मला अण्णांना भेटायचंय."

आतून नाव पुकारलं. लिपिकानं नोंदणीचा अर्ज टेबलावर पसरला आणि विचारलं, "साक्षीदार कोण? तीन लागतील."

मुलाकडचे दोघं पुढे झाले. सारिकेनं माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तिसरी सही तुमची."

मी जागची हलले नाही. "दुसरं कुणी घरातलं असेल तर..." मी म्हणाले.

"नको. तुम्हीच." तिनं पेन माझ्या हातात दिलं. ती हसत नव्हती आणि रागावलेलीही नव्हती. "आधी वाचून बघा. यात जे आहे तेच लिहिलंय."

मी अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, आणि सही केली.